‘मि’ येऊ देऊ नका

आमच्या गल्लीचं मंडळ दर वर्षी एका घराला धरतं आणि त्याच्या गळ्यात सगळी कामं बांधतं. मंडळाच्या भाषेत याला ‘सेवेची संधी’ म्हणतात. यंदा ती ताकेगामींच्या घराला, म्हणजे आम्हाला मिळाली. आणि आमच्या घरात कुठलीही संधी आली की ती बैठकीच्या खोलीत थांबत नाही, सरळ स्वयंपाकघरात येते, तशी हीसुद्धा आली. माझे यजमान पाणीपुरवठा खात्यात आहेत. सगळ्या हिमि गावाला पाणी पोचवून दमलेला हा माणूस घरी स्वतःचा पेलाही भरून घेत नाही, त्यामुळे त्यांच्याकडून मला कसलीच अपेक्षा नव्हती आणि त्यांनीही ती खोटी ठरवली नाही.

“काही विशेष नाही हो, इत्सुकोसान,” कुराशिगेसान म्हणाले. “सप्टेंबरात ज्येष्ठांचा दिवस आहे, त्याचं तेवढं बघायचं. सभागृह घ्यायचं, जेवणाचे डबे सांगायचे, म्हाताऱ्यांना गाणी म्हणायला लावायची आणि उजेड आहे तोवर घरी पाठवायचं.”

कुराशिगेसान मंडळाचे अध्यक्ष. नगरपालिकेतून ते कधीच निवृत्त झाले, पण नगरपालिका त्यांच्यातून अजून निवृत्त झालेली नाही. त्यांनी ‘काही विशेष नाही’ म्हटलं तेव्हाच मी घाबरायला हवं होतं.

सभागृहाच्या कचेरीत खिडकीमागे एक चष्मेवाल्या बाई होत्या. अतिशय नम्र. आमच्याकडे कचेरीतली माणसं इतकी नम्र असतात, की काम झालं नाही हे माणसाला घरी पोचल्यावर कळतं.

“नुसता कराओके?” बाईंनी हळहळत विचारलं. “मनोरंजनासाठी सुट्टीच्या दिवशी सभागृह देता येत नाही हो.”

“मग कशासाठी देता येतं?”

“आरोग्यासाठी.”

“गाण्यानं फुप्फुसं चांगली राहतात म्हणे.”

“फुप्फुसांचं टेबल मंगळवारी असतं.” बाईंनी बराच वेळ काहीतरी चाळलं. “विसराळूपणा प्रतिबंधात मात्र जागा आहे. त्यात शब्दांचा खेळ हवा. गाणी शब्दखेळात बसवता आली तर...”

गाणी शब्दखेळात बसवणं म्हणजे भेंड्या. एका गाण्याचं नाव ज्या अक्षरावर संपेल, त्या अक्षराने दुसऱ्याच्या गाण्याचं नाव सुरू व्हायला हवं. नव्या वर्षाच्या जेवणाला आमची गल्ली त्या खेळतेच. मी आनंदाने हो म्हटलं, शिक्का मारला आणि परतीच्या वाटेवर स्वतःला शाबासकी म्हणून एक क्रीमचा पाव घेऊन बाकावर बसून खाल्ला. या सगळ्या प्रकरणातला माझा सुखाचा काळ तेवढाच.

नुसता कराओके असता तर चिंता नव्हती, कारण आमच्याकडे ज्याचं त्याचं गाणं ठरलेलं आहे. माझ्या सासूबाईंचं सफरचंदाच्या बागेचं, शेजारच्या याचीसानचं लाटांचं, कुराशिगेसानचं त्यांनी स्वतःच रचलेलं. दुसऱ्याच्या गाण्याला कुणी हात लावत नाही. असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण दुसऱ्याच्या ब्रशने दात घासू नयेत हे तरी कुठे लिहिलेलं असतं? माणूस आजारी पडला तर त्या वर्षी त्याचं गाणं होत नाही. आणि माणूस गेला, तर गाणं दारातल्या चपलांसारखं तसंच राहतं. कुणी ते घालत नाही आणि कुणी उचलूनही ठेवत नाही.

तात्सुएसान गेल्या हिवाळ्यात गेल्या. त्यांचं गाणं ‘मिझोरे नो वाताशिबुने’, बर्फाळ पावसात नदीपार जाणाऱ्या होडीचं. त्या नेहमी अर्धा ठेका मागून यायच्या, आणि दुसऱ्या कडव्यात सूर जिथे खाली उतरतो तिथे ठामपणे वर चढायच्या. त्यांची होडी पलीकडच्या काठाला कधी लागलीच नाही, बहुतेक डोंगरावर गेली. एकदा तर कराओकेच्या यंत्राने त्यांना गुण द्यायलाच नकार दिला. पडद्यावर ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं आलं आणि तात्सुएसाननी खरोखर पुन्हा प्रयत्न केला, सगळ्या कडव्यांसकट. भेंड्यांमध्ये ‘मि’ आला की सगळ्यांच्या माना आपोआप त्यांच्याकडे वळायच्या. ‘मि’वर ‘मिनातो’ची, म्हणजे बंदरांची, ढीगभर गाणी आहेत, पण आमच्या गल्लीत ‘मि’ म्हणजे तात्सुएसान.

त्यांच्यामागे राहिले त्यांचे यजमान, शिंबोसान. जन्मभर बस चालवलेला माणूस, मोजकं बोलणारा. हिवाळ्यापासून ते कुठेच दिसेनासे झाले. मंडळाच्या सूचनांची पाटी आमच्याकडे घरोघर फिरते. वाचायची, शिक्का मारायचा, पुढच्या घरी द्यायची. शिंबोसानकडून ती आमच्याकडे येते. पूर्वी ती तात्सुएसान आणायच्या, सोबत वांगी आणि अर्धा तास गप्पा. आता पाटी दाराच्या मुठीला लटकवलेली सापडायची. घंटा वाजायची नाही. नागोयाचा मुलगा म्हणत होता, बाबा असेच कोंडून बसणार असतील तर या हिवाळ्याआधी त्यांना तिकडच्या वृद्धाश्रमात नेतो.

आणि त्याच पाटीवर, ज्येष्ठांच्या दिवसाच्या सूचनेखाली, शिंबोसाननी स्वतःच्या नावापुढे ‘येणार’वर गोल केला होता.

मी पाटी घेऊन सासूबाईंकडे धावले. “आई, शिंबोसान येतायत!”

“बरं झालं,” सासूबाई वाटाणे सोलत म्हणाल्या. “आणि ‘मि’ आला की?”

मी हातातली पाटी वाटाण्याच्या सालांतच ठेवून दिली.

त्या दुपारी माझ्या स्वयंपाकघरात तातडीची सभा भरली. याचीसान आल्या, कुराशिगेसान आले, चहा आला.

“पहिल्यांदा घराबाहेर पडतोय बिचारा,” याचीसान म्हणाल्या. “आणि तिथे समोर ‘मि’? परत दार लावून घेईल, मग कायमचं. माझं न्हाणीघर त्यांच्या न्हाणीघराला लागून आहे. रोज संध्याकाळी अंघोळीच्या वेळी कण्हतो हो तो! आधी कण्हतो, मग थांबतो, मग परत तिथूनच कण्हतो. माझ्याच्याने तर टबात बसवत नाही.”

“त्यांनाच विचारलं तर?” मी म्हटलं.

तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या हिरव्या चहात साखर घातली होती.

“इत्सुकोसान,” कुराशिगेसान मऊ आवाजात म्हणाले, “अशा गोष्टी विचारायच्या नसतात. समजून घ्यायच्या असतात.”

तर आम्ही समजून घेतलं. ‘मि’ येऊ द्यायचा नाही. म्हणजे ‘मि’वर संपणारं एकही गाणं कुणी म्हणायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्या भाषेत समुद्राला ‘उमि’ म्हणतात, लाटेला ‘नामि’, बाईच्या केसांना ‘कामि’ आणि दुःखाला ‘कानाशिमि’. जुनी गाणी दुसऱ्या कशावर असतात? समुद्रावर लाटा, लाटांकडे बघणारी बाई, तिचे वाऱ्यावर उडणारे केस, आणि दुःख. रात्र होईपर्यंत मी गाण्यांच्या जाड पुस्तकातून नावं गाळत बसले होते. यजमान वाकून बघून गेले आणि म्हणाले, “हे बरंच काम दिसतंय.” निरीक्षणाची ही शक्ती त्यांना खात्यात मिळाली.

“समुद्र नाही, लाटा नाहीत, दुःख नाही,” सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी माझी उरलेली गाणी बघितली. “मग राहिलं काय? आगगाडी आणि सफरचंद. अगं, म्हाताऱ्यांना बोलावतेयस की बालवाडीला?”

याचीसानचं लाटांचं गाणंच गेलं. मी क्षमा मागितली. “छे छे, त्यात काय,” त्या हसून म्हणाल्या, आणि त्यानंतर चार दिवस त्यांनी माझ्याशी फक्त हवामानावर बोलणं ठेवलं.

पण खरी ठेच कुराशिगेसानना लागायची होती. त्यांनी गावावर रचलेलं गाणं ‘आ आ हिमि’. दर वर्षी शेवटी तेच म्हणतात, आणि ते संपेपर्यंत जेवणाचे डबे उघडत नाहीत, म्हणून टाळ्याही भरपूर मिळतात.

“अध्यक्षसाहेब, तुमचंही... शेवटी ‘मि’ येतो.”

कुराशिगेसान बाहेरच्या सायकलींकडे बघत म्हणाले, “गावाचं नावच तसं आहे. त्याला मी काय करू? ठराव करून बदलायचं?”

“गावाचं नको. गाण्याचं चालेल. पुढे एखादा शब्द जोडून...”

अशा रीतीने ते गाणं ‘आ आ हिमि बांझाइ’ झालं. गावाचा जयजयकार इतक्या पडेल आवाजात केलेला मी कधी ऐकला नव्हता.

आता हे सगळ्यांना कळवायचं कसं? पाटीवर लिहिता येईना, कारण पाटी शिंबोसानकडेही जाते आणि एखादं घर वगळण्यापेक्षा आमच्या गल्लीला भूकंप परवडेल. म्हणून मी निरोप तोंडी धाडला, आणि रिकाम्या हाताने कुणाकडे जाता येत नाही म्हणून प्रत्येक घरी बटाट्याची कटलेटं. पहिल्या घरी मी सांगितलं, ‘मि’वर संपणारं म्हणू नका. शेवटच्या घरी पोचेपर्यंत निरोप माझ्या आधीच पोचला होता: ताकेगामींच्या सुनेला समुद्राची भीती बसली आहे, तिच्यापुढे पाण्याचा विषय काढू नका. बाजारात मासेवालीने माझा हात दाबला आणि कागदात गुंडाळलेली मासळी पिशवीत घालताना माशांची तोंडं माझ्याकडे येणार नाहीत याची काळजी घेतली. यजमान पाणीखात्यात असल्यामुळे लोकांना त्यात काहीतरी खोल अर्थ दिसला असावा.

कटलेटं घेऊन मी शिंबोसानकडेही गेले. न जाणं फार डोळ्यावर आलं असतं. ते दारात आले, वाळलेले, पण दाढी नीट केलेली.

“बरं आहे ना, शिंबोसान?”

“घसा जरा बसलाय.”

माझे डोळे भरून आले. एवढा रडतोय की घसा बसला!

“भेंड्या आहेत म्हणे,” ते म्हणाले.

“हो. पण तुम्हाला त्रास होईल असं काही नाही. अगदी साधी गाणी.”

“सुरुवात कुठल्या अक्षराने?”

“ते... अजून ठरलं नाही.”

“अच्छा.” त्यांनी आत देव्हाऱ्याकडे पाहिलं. तात्सुएसान फोटोतून तोंड उघडून हसत होत्या, नेहमीसारख्या, अर्धा ठेका उशिरा. “बरं,” शिंबोसान म्हणाले आणि कटलेटं घेऊन आत गेले. घाबरलेत, मी मनात म्हटलं. अक्षराचं नाव काढायलासुद्धा घाबरतायत. घरी पोचेपर्यंत मी पदराला, म्हणजे एप्रनला, डोळे पुसत होते.

ज्येष्ठांच्या दिवशी शिंबोसान सगळ्यांच्या आधी आले. केस कापलेले, शर्ट कडक, गळ्यात बस कंपनीचा जुना टाय. समोर बसले, पाठ ताठ, जणू आत्ता गाडी सुटणार आहे. शेजारची बसायची उशी रिकामी होती. ती कुणी ठेवली हे कुणी विचारलं नाही, आणि तिच्यावर कुणी बसलंही नाही.

खेळ सुरू झाला. सासूबाईंनी सफरचंद म्हटलं. भाजीवाल्या आजोबांनी आगगाडी म्हटली. पुढे डोंगर, मग आई, मग साके, मग परत आगगाडी, दुसऱ्या मार्गावरची. माणसं अशी जपून गात होती, जशी ओल्या लाकडी फरशीवरून चालावीत. आपली पाळी आली की माझ्याकडे बघायची, मी मान हलवली की सुरू करायची. स्मृती वाढवणारा उपक्रम म्हणून उत्तमच होता. आठवेल ते गिळायचं आणि आठवणार नाही ते म्हणायचं.

शिंबोसान मात्र अस्वस्थ होते. एकेक गाणं संपत आलं की ते उशीवरून अर्धवट उठायचे, शेवटचं अक्षर ऐकायचे आणि परत बसायचे. त्यांची पाळी आली तर हात हलवून म्हणायचे, “पुढे जाऊ दे.” याचीसान दोनदा सरकत त्यांच्याजवळ गेल्या आणि कुजबुजल्या, “शौचालय उजवीकडे, जिन्याखाली.” शिंबोसाननी दोन्ही वेळा आभार मानले आणि जिन्याखाली गेले नाहीत.

तेवढ्यात घोटाळा झाला. कागदी कंदील करणारे एक आजोबा आहेत, त्यांना कमी ऐकू येतं. त्यांच्यापर्यंत निरोप गेला होता, कटलेटही गेलं होतं. पोचलं फक्त कटलेट. त्यांनी यंत्रावर आपल्या आवडत्या गाण्याचा आकडा दाबला आणि पडद्यावर राखाडी समुद्र उसळला. ‘किता नो कानाशिमि’, उत्तरेचं दुःख! याचीसाननी स्वतःच्या कपातला चहा स्वतःच्या मांडीवर सांडून किंकाळी फोडली. सासूबाईंना खोकला लागला, इतका खरा की मलाच काळजी वाटली. आणि मी, मंडळाची यंदाची सेविका, भिंतीपाशी जाऊन यंत्राची पिन उपटली.

अंधारलेल्या पडद्यापुढे कंदीलवाले आजोबा मनापासून गात राहिले. त्यांना वाद्यं बंद पडल्याचंही ऐकू आलं नाही. संपल्यावर आम्ही टाळ्या वाजवल्या आणि मी घाईघाईने जाहीर केलं, “यंत्र बिघडलं होतं, त्यामुळे हे गाणं धरायचं नाही!”

शिंबोसान या वेळी पुरते उभे राहिले होते. ते हळूहळू खाली बसले. त्यांचा चेहरा पडला होता. वाचलो, असं मी स्वतःला सांगितलं.

पिन परत लावली तेव्हा यंत्र पहिल्यापासून सुरू झालं. मी मुद्दाम बंद करून ठेवलेले गुण आपोआप चालू झाले. प्रत्येक गाण्यानंतर तुतारी वाजायची आणि आकडा यायचा. सासूबाईंना दुसऱ्यांदा म्हटलेल्या सफरचंदावर कमी गुण मिळाले, तेव्हा त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “परत काढ ती पिन.”

शेवटी कुराशिगेसान उठले. जेवणाचे डबे दारात आले होते, मासूझुशीचा, म्हणजे मासा दाबून बसवलेल्या भाताचा, व्हिनेगरचा वास सुटला होता. अध्यक्षांनी घसा साफ केला.

“आता मी म्हणतो, ‘आ आ हिमि...’” ते थांबले. सगळं सभागृह थांबलं. ते माझ्याकडे एखाद्या हरवलेल्या वासरासारखे बघत म्हणाले, “...बांझाइ.”

“अध्यक्षसाहेब.”

शिंबोसान उभे होते.

“इतकी वर्षं ऐकतोय मी हे गाणं. हे बांझाइ कुठून आलं?”

कुराशिगेसाननी माझ्याकडे पाहिलं. मी याचीसानकडे. याचीसाननी मांडीवरच्या चहाच्या डागाकडे.

“सकाळपासून बसलोय,” शिंबोसान म्हणाले. इतकं सलग बोलताना त्यांना कुणी कधी ऐकलं नव्हतं. “डोंगर झाला, आई झाली, आगगाड्या तर येतायत नि जातायत. एक ‘मि’ नाही! कंदीलवाल्यांनी आणला, तर यांनी पिन उपटली. मी बघितलं, इत्सुकोसान. मी जन्मभर बस चालवली. थांबा आल्याशिवाय मी थांबत नाही, मधेच दार उघडत नाही. पण तुम्ही लोकांनी थांबाच उखडून ठेवलाय!”



“मला वाटलं... तुम्हाला त्रास होईल...” मी म्हटलं.

“त्रास? अख्खा उन्हाळा न्हाणीघरात तालीम केली मी!”

याचीसाननी तोंडावर हात ठेवला. “म्हणजे ते कण्हणं...”

“दुसरं कडवं,” शिंबोसान ताठ मानेने म्हणाले. “अवघड आहे.”

कुराशिगेसाननी तेव्हा जे केलं त्याबद्दल मी त्यांची मागची सगळी ‘काही विशेष नाही’ माफ करते. त्यांनी टाय सरळ केला, छाती भरून घेतली आणि बांझाइविना, पहिल्यासारखं, पुरं नाव घेतलं: “आ आ हिमि!” मग माइक शिंबोसानच्या हातात दिला. “‘मि’ आला. म्हणा.” त्यांनी स्वतःचं गाणं म्हटलंच नाही. गेल्या कित्येक वर्षांत हे पहिल्यांदाच.

होडीची वाद्यं सुरू झाली. शिंबोसान अर्धा ठेका थांबले, आणि मग आले. अगदी तिथेच, जिथे त्या यायच्या. आवाज जाडाभरडा, घसा बसलेला, पण प्रत्येक चूक जशीच्या तशी, पुसून चकचकीत केलेली. दुसरं कडवं आलं. सूर खाली उतरतो ती जागा आली. शिंबोसान तिथे अडखळले. 

आणि सासूबाई वर चढल्या. त्यांच्या मागून याचीसान, कुराशिगेसान, भाजीवाले आजोबा, सगळं सभागृह वर चढलं, कारण खाली उतरतात हे आमच्यापैकी कुणाला ठाऊकच नव्हतं. आम्ही ते गाणं दुसऱ्या कुणाकडून कधी ऐकलंच नाही. बिचारं यंत्र एकटंच बरोबर सुरात खाली खाली जात राहिलं आणि आम्ही सगळे होडी घेऊन डोंगरावर गेलो.

तुतारी वाजली. आकडा आला, आणि सभागृहात कुणी कधी पाहिला नव्हता इतका खालचा होता.

शिंबोसाननी पडद्याकडे पाहिलं. मग रिकाम्या उशीकडे. “तरी आकडा आला,” ते म्हणाले. “तिला तेवढाही मिळाला नव्हता. घरी गेल्यावर हे सांगू की नको?”

डबे उघडले तेव्हा भात सुकत आला होता. कुणी तक्रार केली नाही. ती दुसऱ्या दिवसापासून आली, नीट, टप्प्याटप्प्याने. कचेरीच्या बाईंनी अतिशय नम्रपणे विचारलं की भिंतीवरचं सॉकेट सैल कसं झालं. मासेवाली मला अजूनही मासळीची तोंडं फिरवून देते. आणि मंडळाच्या सभेत एकमताने ठरलं की यंदाचा कार्यक्रम इतका चांगला झाला, तर पुढच्या वर्षीची संधीही ताकेगामींनाच द्यावी. यजमान घरी येऊन म्हणाले, “अभिनंदन,” आणि पाणी मागितलं.

त्या आठवड्यात पाटी निघाली. मी भांडी घासत होते. दाराची घंटा वाजली.

हात न पुसताच मी गेले. शिंबोसान दारात उभे, एका हातात पाटी, दुसऱ्या हातात वांगी, जरा वाकडीतिकडी, बागेकडे उन्हाळाभर लक्ष नव्हतं म्हणून.

“एक नोंद करून ठेवा,” ते गंभीरपणे म्हणाले. “होडीचं गाणं आता माझं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.”

“कुणी लावत नाही, शिंबोसान.”

“माहितीये मला. लावत नाहीत, म्हणून तर मी घेतलं.” त्यांनी वांगी माझ्या ओल्या हातात दिली. “आणि पुढच्या वर्षी ‘मि’ जरा लवकर येऊ द्या. मुलगा नागोयाहून ऐकायला येतोय. त्याला बसायला उशी सांगा, पण ती नाही. दुसरी.”